भवानीचे निर्मळ चित्र

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. परंतु माझ्या पोटात कोणी कधी काही ठेवले नाही. तेथे केवळ उजेड राहतो. सागवानी चौकटीत शेजारी शेजारी बसवलेल्या दोन दुधी काचा, प्रत्येक काचेमागे एक नळीचा दिवा आणि वर फिल्म अडकवण्याचे चिमटे, एवढाच माझा देह. वैद्यक जाणणारे मला प्रकाशपेटी म्हणतात. माणसाच्या छातीचे क्ष-किरण चित्र नुसते हातात धरले, तर काळा गुळगुळीत पत्रा वाटतो. तेच माझ्या काचेवर लावले की त्यातून फासळ्या उमटतात, हृदय उमटते, फुप्फुसांची दोन अंधारी दालने उमटतात. त्या दालनांत कोठे ढगासारखा पांढुरका डाग दिसला, की पाहणाऱ्याच्या कपाळी आठी पडते.

सध्या मी नगरच्या एका क्षयरोग रुग्णालयाच्या अडगळीत भिंतीला टेकून उभी आहे. विश्रांती मिळाली असे म्हणावे, तर चित्त स्वस्थ नाही. तसा अस्वस्थपणा माझ्या जन्मापासूनचाच. कळ दाबताच माझ्या नळ्या एकदम पेटत नसत. दोनतीनदा फडफडत, मग स्थिर होत, आणि स्थिर झाल्यावरही आतून बारीक गुणगुण चाले. माझी चौकट नगरच्याच एका वृद्ध सुताराने घडवली. काचा पुण्याहून गवतात गुंडाळून आल्या. वाटेत एसटीच्या टपावर एका काचेचा कोपरा उडाला. सुतार म्हणाला, "कोपरा खाली घेऊ, कोणाच्या नजरेस पडणार नाही." त्याने तो चौकटीत दडवला. माझ्यातले एक वैगुण्य असे पहिल्याच दिवशी झाकले गेले. पुढे जे घडले, त्याची मला ही आधीची खूण वाटते.

माझ्यापुढे बसत ते डॉक्टर यज्ञेश्वर गंधे. पंचवीस वर्षे त्यांनी छातीची चित्रे वाचली होती. 'पाहिली' असे ते कधी म्हणत नसत. हात धुऊन, चष्मा पुसून, क्षणभर डोळे मिटून मगच ते खुर्चीत बसत. पोथी वाचावी तसे प्रत्येक चित्र वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचत. शेवटी एकच शब्द उच्चारत, 'निर्मळ' किंवा 'संशयित'. त्या शब्दावर औषधे सुरू होत, माणसे घरी जात किंवा घरापासून दूर जात. ते वाचत असताना माझी गुणगुणही मला अनुचित वाटे.

त्यांच्या हाताशी बन्सी नावाचा शिपाई होता. मला पुसणे, फिल्मा चढवणे-उतरवणे, त्यांचे गठ्ठे लावणे हे काम त्याचे. त्याचे वडील आयुष्यभर बाजारात भाजी विकत. दिवसाच्या पहिल्या विक्रीला दुकानदार भवानी म्हणतात आणि ती चांगल्या हाताची व्हावी म्हणून जपतात, हे तुम्हांस ठाऊक असेल. बन्सीने ती रीत रुग्णालयात आणली. सकाळी माझ्यावर पहिले चित्र चढवायचे ते निर्मळच, असा त्याचा नेम होता. डॉक्टरांचे वाचन संपले की तो गठ्ठा पुन्हा रची. निर्मळ चित्रे वर आणि संशयित तळाशी. दुसऱ्या कोणाला तो गठ्ठा उघडावा लागला, तर त्याचाही दिवस चांगल्या चित्राने उघडावा! ह्या मायेत काही वावगे आहे, असे कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही नाही.

१९७१ साली जिल्ह्यातील वसतिगृहांत क्ष-किरणांची गाडी पाठवण्याचे ठरले. मुले, शिक्षक, स्वयंपाकी, सर्वांची चित्रे काढावयाची आणि ती नगरला वाचावयाची. परंतु वरून एक विचारणा आली. एका डॉक्टरांच्या वाचनावर इतक्या माणसांचे भवितव्य सोपवायचे, तर ते वाचन भरवशाचे आहे हे आधी दाखवा. म्हणून पहिली दोनशे चित्रे दोघांनी स्वतंत्रपणे वाचावीत आणि त्यांची मते किती जुळतात ते कळवावे, असे ठरले. चांगली जुळली, तर पुढे एकाचाच शब्द पुरे. संशयित ठरेल त्याला वसतिगृहातून तत्काळ दूर करावयाचे; पुन्हा पाहणे नाही.

दुसऱ्या वाचक होत्या डॉक्टर विजया निसळ. वय अठ्ठावीस. त्या गंधे डॉक्टरांच्याच विद्यार्थिनी. त्यांना 'सर' म्हणत आणि त्यांच्यासमोर खुर्चीत मागे टेकून बसत नसत.

तो डिसेंबर युद्धाचा होता. नगरला लष्कराची छावणी असल्यामुळे खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. दिवसाही खोलीत माझ्याच उजेडाचे राज्य. डॉक्टरांनी आठ दिवसांत दोनशे चित्रे वाचली. वीस संशयित निघाली, एकशे ऐंशी निर्मळ. बन्सीने नेमाप्रमाणे गठ्ठा रचला. पुढल्या आठवड्यात तोच गठ्ठा विजयाबाईंपुढे आला.

मित्रांनो, येथे माझी अस्वस्थता सुरू होते. माझ्यावर चढलेले प्रत्येक चित्र मी पाहिले, आणि त्या चित्रापुढे बसलेला चेहराही पाहिला. वरची चित्रे विजयाबाई झरझर वाचत गेल्या. तळाकडची वीस उरली तेव्हा त्यांची गती मंदावली. एकशे तेरा क्रमांकाचे चित्र चढले. उजव्या खांद्याखाली, फुप्फुसाच्या शेंड्यावर, दोरीच्या पिळासारखी एक फिकट छाया होती. विजयाबाई पुढे वाकल्या. त्यांनी बोटाने त्या छायेचा वर गळ्यापर्यंत माग घेतला, त्यांच्या ओठांवर 'निर्मळ' हा शब्द आला. मग त्यांनी शेजारच्या उरलेल्या लहानशा गठ्ठ्याकडे दृष्टी टाकली, आणि तक्त्यात लिहिले 'संशयित'.

मी फडफडले. त्यांना वाटले, नळी जुनी झाली.

एकशे तेरा क्रमांक होता रंगुबाईचा. अकोले तालुक्यातील मुलींच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाक करी. जानेवारीच्या अखेरीस दोन एसट्या बदलून ती नगरला आली आणि थेट माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. ठेंगणी, काटक, कपाळावर गोंदण. डॉक्टरांनी तिला आत बोलावले आणि तिचे चित्र माझ्यावर चढवले.

"ह्यो माझा फोटू?" तिने निरखून पाहिले. "नाक न्हाई, डोळं न्हाई. कुनाचा बी आसंल की!"

"क्रमांक तुमचाच आहे, बाई," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. "येथे छाया दिसते. क्षयाची शंका आहे."

"पर मला खोकला न्हाई, ताप न्हाई. बेडका तपासला तुमी, त्यात काय गावलं न्हाई म्हनं."

"एवढ्यावरून रोग नाहीच असे म्हणता येत नाही. आम्ही दोघांनी हे चित्र वेगवेगळे वाचले. दोघांचे मत एकच पडले."

विजयाबाई टेबलावरची टाचणी उचलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दोघं म्हंता, मंग मी काय बोलनार?" रंगुबाई म्हणाली. "आमच्या वसतिगृहाच्या बाई म्हनल्या, कागद येईस्तवर चुलीपाशी यायचं न्हाई. पाडव्यापातूर सुटला न्हाई, तर दुसरी ठिवनार. सायेब, चाळीस पोरींच्या भाकरी दोन येळा थापते मी. आता त्या पोरी लांबून हात करत्यात, जवळ येत न्हाईत. तुमची पेटी दिवा लावती आन् माझी चूल इझवती, आसं झालं ह्ये."

डॉक्टरांनी चित्र पुन्हा निरखले. ते निष्ठुर नव्हते. रंगुबाईचे म्हणणे मानावे आणि ती खरोखर आजारी निघावी, तर त्या चाळीस मुलींचे काय, हाही भार त्यांच्या मनावर होता. चित्र चुकले तरी अनर्थ आणि चित्राकडे दुर्लक्ष केले तरी अनर्थ. अशा वेळी दोन मतांची जुळणी हाच त्यांना आधार वाटत होता.

तो आधार किती पक्का, हे ठरवण्यासाठी दुसऱ्याच दिवशी नारायणराव खिस्ती आले. ते महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवीत. सायकलच्या दांडीला कापडी पिशवी, पिशवीत खाऊचा पुडा आणि आकडेमोडीच्या वह्या. डॉक्टरांचे ते शाळूसोबती.

"नारायणा, दोनशेपैकी एकशे शहाण्णव चित्रांवर आमचे एकमत!" डॉक्टर म्हणाले. "शेकडा अठ्ठ्याण्णव. सोमवारी अहवाल जाऊ दे."

नारायणरावांनी बेरीज पाहिली नाही. त्यांनी विजयाबाईंचा तक्ता मागितला. बाईंनी ज्या क्रमाने चित्रे वाचली, त्याच क्रमाने त्यात नोंदी होत्या. नारायणराव बोट फिरवत राहिले आणि एकाएकी थांबले.

"यज्ञेश्वरा, हे पाहिलेस? पहिल्या एकशे ऐंशी चित्रांत बाईंना दोन संशयित सापडले. शेवटच्या विसांत अठरा. रोग काय रांगेत उभा राहून येतो की काय?"

 बन्सी दारात फडके पिळत होता. तो सरळपणे म्हणाला, "रांग मीच लावतो की, सायेब. चांगले वर, दुखनाईत खाली. सकाळची भवानी चांगल्या फोटूनं व्हाया पायजे. न्हाई तर दिसभर तसंच येत ऱ्हातं."

"आणि दुखणाईत अगदी शेवटी का रे?"

"शेवटाला घाई नसती. निवांत बघता येतंय. त्यांच्याकडं नीट बघाया नको का?"

नारायणरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा हेतू देवाघरचा, बन्सी. पण तू न बोलता गंधे डॉक्टरांचे उत्तर ह्यांच्या कानात सांगत होतास." मग ते विजयाबाईंकडे वळले. त्यांनी तक्ता बाईंपुढे सरकवला. 

"सर," विजयाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "मला ठाऊक होते."

"काय?"

"आपण इतक्यांना संशयित म्हणता आणि मला जेमतेम एखादे सापडते, हे मला तिसऱ्या दिवशी खटकले. मग बन्सीमामांचा नेम आठवला. तळाची चित्रे कोणती, ते तेव्हाच ध्यानात आले."

"मग बोलली का नाहीस?"

"एकशे तेराची छाया मला गळ्यापर्यंत गेलेली दिसली होती. फुप्फुस तर गळपट्टीच्या हाडाच्या जरासे वर संपते. छाया त्याबाहेर जात असेल, तर ती आतली नसावी असे वाटले. पण चित्र तळाशी होते. आपल्याला दिसलेले मला दिसत नाही, म्हणजे माझेच डोळे कच्चे, असे मी मानले." त्यांचा आवाज उतरला. "काल ती बाई येथे उभी होती, तेव्हाही मी बोलले नाही."

गुरूचा मान राखावा, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्या खोलीत गुरूने मागितली होती ती शिष्येची दृष्टी, आणि शिष्येने दिला तो आदर. डॉक्टरांनी चष्मा काढला.  मग म्हणाले, "नारायणा, ते अठ्ठ्याण्णव पुसून टाक. परंतु पुन्हा वाचून काय निराळे निघणार? चित्रे तीच, डोळेही तेच."

"तेच तर पाहायचे आहे," नारायणराव म्हणाले.

युद्ध संपले होते. खिडक्यांवरचे काळे कागद काढून नारायणरावांनी त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक चित्रावरचे नाव व जुना क्रमांक झाकला. चिठ्ठ्या टाकून नवे क्रमांक दिले. गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला, आणि दुसऱ्या वाचनाच्या आधी पुन्हा पिसला. बन्सी हे सर्व कष्टी मुद्रेने पाहत होता. "भवानीला कोन येईल, काय सांगता येत न्हाई आता," तो पुटपुटला. माझी डावी नळी उजवीपेक्षा पिवळट झाल्याचे विजयाबाईंच्या लक्षात आले, तेव्हा दोन्ही नळ्या एकदम बदलल्या. त्या क्षणी एक शंका मला शिवली. डॉक्टर नेहमी डाव्याच काचेवर वाचत. रंगुबाईची छाया माझ्याच मंद उजेडातून उपजली असेल काय? तिची चूल विझवणारी मीच काय? पुढचे पंधरा दिवस मी ह्या शंकेसह जळत राहिले.

फेब्रुवारीच्या अखेरीस दोघांचे दुसरे वाचन पुरे झाले. ह्या वेळी प्रत्येकाने पुन्हा वीस चित्रे संशयित म्हटली. मात्र त्यांतली नऊच सामाईक होती. दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याहत्तरांवर एकमत.

"शेकडा एकोणनव्वद!" डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "उतरले, तरी उत्तम वर्गातच आहोत."

नारायणरावांनी कागदाच्या दोनशे चिठ्ठ्यांवर आकडे घातले आणि त्या पिशवीत भरल्या. बन्सीला बोलावले, क्ष-किरणांच्या गाडीचा चालक पुंजाराम बाहेर बिडी ओढत होता त्यालाही बोलावले. "बन्सी, डोळे मीट आणि वीस चिठ्ठ्या काढ. हे तुझे संशयित." आकडे लिहून घेऊन चिठ्ठ्या परत पिशवीत गेल्या. मग पुंजारामने वीस काढल्या.

"बन्सीभाऊ, आपुन आज डाक्टर झालो बरं का," पुंजाराम डोळे मिटूनच म्हणाला. "घरी सांगू नगा, दारात रांग लागंल."

दोघांची एकच चिठ्ठी जुळली. नारायणरावांनी हिशोब मांडला. जी चित्रे दोघांनीही काढली नाहीत, ती दोघांच्या मते निर्मळच. म्हणजे दोनशेपैकी एकशे बासष्टांवर एकमत! पुन्हा काढल्या, तीन जुळल्या, एकशे सहासष्ट. तिसऱ्या खेपेस दोन, एकशे चौसष्ट.

"सरासरीने हेच पडणार, एकशे चौसष्ट," नारायणराव म्हणाले. "एकही चित्र न पाहता. कारण बहुतेक माणसे निरोगी आहेत. दोघे 'निर्मळ, निर्मळ' म्हणत बसले, तरी एकमताचा ढीग आपोआप उंच होतो. ते आयते एकशे चौसष्ट बाजूला काढ, यज्ञेश्वरा. उरली छत्तीस. तुमच्या विद्येला कमाईची जागा तेवढीच. त्या छत्तिसांपैकी तुम्ही चौदा मिळवलीत."

"छत्तिसांत चौदा," डॉक्टर हळूच म्हणाले.

"शंभरांत एकोणचाळीस. ह्या मापाला कॅप्पा म्हणतात. फार जुने नाही, दहाबारा वर्षांपूर्वीचे आहे."

"म्हंजे सायेब," बन्सीने भीतभीत विचारले, "आमी आंधळेपनी एकशे चौसष्ट, आन् तुमी डोळसपनी एकशे अठ्ठ्याहत्तर?"

"गप रं," पुंजाराम म्हणाला, "न्हाई तर उद्या तुला खुर्चीत बसवत्याल."

हसू आवरता आवरता विजयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. बुडत्या माणसाने काठ चाचपावा तसे ते म्हणाले, "दुसरे एखादे माप नाही का? त्याच चित्रांवर आम्ही हृदयाची रुंदीही मोजली होती. त्या आकड्यांचा सहसंबंध काढला, तर जवळजवळ पूर्ण येतो. तोच अहवालात घालू."

"काढलाय मी तो. पूर्णच येतो. पण आकडे पाहिलेस? तू प्रत्येक वेळी बाईंपेक्षा अर्धा सेंटिमीटर अधिक मोजतोस. तू पट्टी कडेच्या बाहेर ठेवतोस, त्या आत ठेवतात. दोघांचे आकडे एकत्र चढतात, एकत्र उतरतात, म्हणून सहसंबंध थोर. पण एकाही माणसाच्या हृदयावर तुमचे एकमत नाही! तेथे प्रत्येक जोडीतला फरक पाहायला हवा. यज्ञेश्वरा, प्रश्न काय आहे ते पाहून माप निवडावे. उत्तर कोणते गोड लागेल, ते पाहून नव्हे."

मित्रांनो, मी अनेक रोगी माणसांचे अंतरंग पाहिले आहे. परंतु एखाद्या मानी माणसाच्या अंतरात काय चालते, ते दाखवणारे किरण अद्याप निघालेले नाहीत. डॉक्टर उठले, खिडकीपर्यंत गेले, परतले. मग म्हणाले, "विजयाशी माझे जुळत नाही, हे समजले. माझे माझ्याशी जुळते का? माझा डिसेंबरचा तक्ता आण."

हे नारायणरावांनीही सुचवले नव्हते. दोन तक्ते शेजारी ठेवून मोजणी झाली. डिसेंबरच्या विसांपैकी बाराच चित्रांना डॉक्टरांनी पुन्हा संशयित म्हटले होते. उरलेली आठ त्यांनीच निर्मळ ठरवली होती. त्यांनी ती आठही चित्रे मागवली आणि एकेकावरची काळी पट्टी स्वतःच्या नखाने सोलली. पाचव्या पट्टीखाली क्रमांक निघाला एकशे तेरा.

दोन महिन्यांपूर्वी ह्याच चित्राला त्यांनी संशयित म्हटले होते. आता, कोणाचे आहे ते न कळता, निर्मळ. विजयाबाईंच्या तक्त्यातही, ह्या खेपेस, निर्मळ.

"दोघांचे मत एकच पडले, असे मी त्या बाईला सांगितले," डॉक्टर म्हणाले. "ते दोघांचे नव्हते. माझेही पुरते नव्हते." आणि तेथेच उभे राहून त्यांनी रंगुबाईला बोलावण्याचे पत्र लिहिले.

पाडव्याला आठ दिवस उरले असताना ती आली. तिच्या तोंडावर आशा नव्हती. दुसऱ्यांदा प्रवास घडल्याचा शीण होता. पुंजाराम यंत्राशी तिला उभे करू लागला. मागल्या खेपेस वसतिगृहावर गाडी नेऊन माणसांना यंत्राशी उभे करणाराही तोच होता. त्याला पाहताच ती उसळली. "ह्या डावाला केस सोडायला सांगू नगंस बाबा. मागं वलं आंग करून बसले दिसभर."

विजयाबाई झटकन पुढे आल्या. "केस सोडायला कोणी सांगितले होते?"

"ह्योच की. म्हनला, बुचड्यानं मान वर व्हत न्हाई, बुचडा सोड, हनुवटी वर कर. नुकतीच न्हाले हुते. वला पीळ तसाच पडला उजव्या खांद्यावर."

पुंजारामने जीभ चावली. "घाई हुती बाई. मागं साठ मान्सं हुबी."

विजयाबाईंनी स्वतःच्या हाताने रंगुबाईचे केस वर, डोक्याच्या माथ्यावर बांधले. नवे चित्र धुऊन, वाळवून माझ्यावर चढले. जुने शेजारच्या काचेवर. जुन्यात खांद्यापासून गळ्यापर्यंत ती पिळाची छाया. नव्यात दोन्ही शेंडे निरभ्र. माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. छाया माझ्या उजेडाची नव्हती. ओल्या केसांची होती.

डॉक्टर रंगुबाईसमोर उभे राहिले. वयाने, मानाने, विद्येने ते मोठे. तरी त्यांनी हात जोडले. "बाई, चूक माझी झाली. तुमच्या छातीत काही नाही. कागद आत्ता देतो, आणि तुमच्या बाईंना वेगळे पत्रही देतो."

रंगुबाई गोंधळली. मग पदर सावरून माझ्यापाशी आली आणि खरखरीत तळहात माझ्या चौकटीवर ठेवून म्हणाली, "ह्या डावाला नीट वागलीस गं बाई." नवे चित्र तिला देऊ केले, तेव्हा मात्र तिने हात मागे घेतला. "ठेवा तुमच्यापाशी. घरात सवताच्या फासळ्या टांगून काय करू?" ती पाडव्याच्या आधी चुलीपाशी पोहोचली, हे पुढे पुंजारामने येऊन सांगितले. त्याच्या हाती तिने शेंगदाण्याची चटणी पाठवली होती, आणि निरोप असा की, बायांचे केस आधी वर बांधत जा.

अहवाल गेला, त्यात छत्तिसांतल्या चौदांची कथा स्पष्ट लिहिली होती. एका वाचकाचा शब्द पुरे नाही. दोघांनी एकमेकांपासून दूर बसून वाचावे. मते भिन्न पडली तर तिसऱ्याने पाहावे. आणि नुसत्या चित्रावरून कोणाचे काम काढून घेऊ नये. नगरमध्ये काहींनी डॉक्टरांची थट्टा केली की इतक्या वर्षांच्या मुरब्बी माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःला एकोणचाळीस गुण दिले. डॉक्टर ऐकून घेत. त्या दिवसापासून विजयाबाई मात्र खुर्चीत मागे टेकून बसू लागल्या.

आणि बन्सी? त्याचा नेम कोणी मोडला नाही. रंगुबाईचे नवे चित्र तो माझ्यापाशी जपून ठेवी. रोज सकाळी आधी ते चढवी, माझ्या दोन्ही काचा त्यावरून पारखून घेई आणि उतरवून ठेवी. भवानी झाली. मग गठ्ठा हाती घेई आणि डोळे मिटून पिसे.

पुढे नवी यंत्रे आली, मी भिंतीवरून उतरले. बन्सी सेवानिवृत्त झाला. जाताना ते चित्र माझ्या डाव्या चिमट्यात अडकवून गेला. अजून ते तेथेच आहे. धुळीमुळे मलाही नीट दिसत नाही. ह्या एकान्तात मला रंगुबाईची छाया आठवत नाही, आठवतात ती दुसरी बावीस चित्रे, ज्यांवर दोघांची मते शेवटपर्यंत भिन्न राहिली. त्या बावीस माणसांना तिसऱ्या डोळ्यांनी नीट पाहिले असेल ना? कोणाच्या छायेत खरा रोग होता, आणि कोणाच्या छायेत केवळ पुंजारामची घाई? हे मला कोणी सांगितले नाही. म्हणूनच स्वस्थता नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कधी ह्या खोलीत आलात, तर माझी काच ओल्या फडक्याने पुसा. नळ्या बदलाल तर दोन्ही एकदम बदला. दडवलेला तो उडालेला कोपरा एकदा पाहून घ्या. तो झाकू नका. पहिले चित्र रंगुबाईचेच लावा, बन्सीचा नेम राहील. पण दुसऱ्या चित्राला हात घालण्यापूर्वी गठ्ठा पिसून घ्या.